आधी शंका, मग समाधान



आमच्याकडे ग्रंथ शिकावयास येणाऱ्या मुलांची पाठांतरे उत्तम असतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे लिहिणे तक्रारीचे वाटणार नाही. हरिपाठ तोंडपाठ, ज्ञानेश्वरीचे दोनचार अध्याय तोंडपाठ, गाथ्यातले शेदोनशे अभंग चालींसकट तोंडपाठ. पण एखादा अभंग पुढे ठेवून आम्ही विचारले, "का रे बाबांनो, यात अडचण कोणती सांगितली आहे?" की मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आणि "उपाय कोणता सांगितला आहे?" म्हणून विचारावे, तर सारी एका सुरात म्हणतात, "नामस्मरण, महाराज!"

आता या उत्तराला चूक कसे म्हणावे? नामावरच ज्याचा जन्म गेला त्याने तर म्हणूच नये. पण दुसरा अभंग काढला तरी तेच उत्तर, तिसरा काढला तरी तेच. तुकोबारायांच्या गाथ्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. सगळ्यांना मिळून एवढे एकच उत्तर पुरत असते, तर महाराजांनी एक अभंग लिहून वही मिटली असती. ज्या अर्थी त्यांनी इतके लिहिले, त्या अर्थी त्यांच्यापुढे माणसे निरनिराळी होती, त्यांच्या अडचणी निराळ्या होत्या, आणि एकच नाम प्रत्येकाला कोणत्या हाताने द्यावे, कोणत्या अनुपानाने द्यावे, हा विचार त्यांना पडत होता. तो विचार मुलांना दिसावा एवढ्यासाठी आम्ही गेली काही वर्षे एक पद्धत धरली आहे. ती येथे सांगतो. पुष्कळ दिंड्यांतून आणि गावोगावच्या सप्ताहांतून तरुण मंडळी ग्रंथ वाचतात, त्यांच्या ती उपयोगी पडेल.

पद्धत आमच्या घरची नव्हे. पूर्वमीमांसा व ब्रह्मसूत्रे ज्यांनी गुरुमुखाने वाचली त्यांना ठाऊकच आहे की, तेथे विचाराचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक अधिकरण, आणि अधिकरणाची अंगे पाच: विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती. प्रथम कोणत्या वाक्याविषयी बोलणे चालले आहे ते. मग त्यात शंका कोठे उत्पन्न होते ते. मग चुकीच्या बाजूचे म्हणणे, तेही तिच्या पूर्ण बळासह. मग खरा निर्णय. आणि शेवटी हा निर्णय मागच्यापुढच्याशी कसा जुळतो ते. आमचे शास्त्रीबुवा संशय नीट मांडता आल्याखेरीज सिद्धान्ताचे पान उलटू देत नसत. "आधी भूक लागू दे, मग ताट वाढू," म्हणत. तेव्हा फार राग यायचा. असो.

पण पंधरासोळा वर्षांच्या शेतकऱ्याच्या पोराला पहिल्याच दिवशी अधिकरण सांगितले तर तो दुसऱ्या दिवशी घरी जाईल. म्हणून आम्ही दुसरीकडचे साधन घेतले. पतंजलींच्या योगसूत्रांत साधनपादाचे पंधरावे सूत्र आहे, त्यावरील व्यासभाष्यात एक सोपी गोष्ट सांगितली आहे. वैद्यकशास्त्राचे जसे चार भाग, म्हणजे रोग, रोगाचा हेतू, आरोग्य आणि औषध, तसेच या शास्त्राचेही चार: संसार, संसाराचा हेतू, मोक्ष आणि मोक्षाचा उपाय. बस्स, एवढेच घ्यावयाचे. मुलाने वहीच्या पानावर चार घरे आखावयाची. पहिल्यात रोग, दुसऱ्यात त्याचे कारण, तिसऱ्यात बरे होणे म्हणजे काय ते, चौथ्यात औषध. अभंग असो, ओवी असो, संतचरित्रातली गोष्ट असो, ही चार घरे भरून आणावयाची. सोपे वाटते ना? करून पाहा. चौथे घर सर्वांत आधी भरते, आणि दुसरे दिवसचे दिवस कोरे राहते.

आता गीतेचा पहिला अध्याय घ्या. आम्ही मुलांना विचारतो, "अर्जुनाची अडचण कोणती?" बहुतेक लिहितात, 'युद्ध करावे की न करावे.' एखादा चुणचुणीत असतो तो लिहितो, 'अर्जुन भ्याला.' मग आम्ही म्हणतो, चला, श्लोक मोजीत जाऊ. पहिल्याने त्याच्या अंगाची लक्षणे येतात: गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, कापरे भरले, हातातले धनुष्य निसटले, मन भोवंडले. त्यानंतर त्याची कारणे येतात: स्वजनांना मारून सुख काय, कुलधर्म बुडतील, वर्णसंकर होईल, पितर पतन पावतील. पुढे दुसऱ्या अध्यायात, भीष्मद्रोणांवर बाण कसा टाकू? आणि सातव्या श्लोकात, मला काही कळत नाही, मी तुझा शिष्य, मला शिकव. लगेच नवव्या श्लोकात, 'मी लढणार नाही' म्हणून गप्प! पाहा बरे, औषध दे म्हणतो आणि घेणार नाही असेही म्हणतो. असले रोगी घरोघर आहेत.

यावर भगवंतांनी काय केले? प्रथम, दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच, दोन श्लोकांत खरमरीत शब्द ऐकविले. हे नामर्दपण तुला शोभत नाही, ऊठ, म्हणाले. 'अर्जुन भ्याला' हेच निदान खरे असते तर एवढ्या मात्रेने काम झाले असते. झाले नाही. अर्जुन पुन्हा आपले म्हणणे सांगू लागला. म्हणजे पहिली मात्रा लागू पडली नाही. मग अकराव्या श्लोकापासून निराळाच उपचार सुरू झाला, आणि तेथे कुलधर्माचे उत्तर नाही, वर्णसंकराचे नाही, पितरांचेही नाही. ज्यांचा शोक करू नये त्यांचा तू शोक करतोस, तेथूनच देवांनी आरंभ केला. शंकराचार्यांनीसुद्धा श्लोकवार भाष्याला येथूनच हात घातला आहे. मागचा सारा भाग शोक आणि मोह हे संसाराचे बीज दाखविण्यासाठी आला, असे ते म्हणतात. म्हणजे अर्जुनाने जी यादी दिली ती लक्षणांची होती. रोग तिच्या खाली होता. रोग्याने सांगितलेली तक्रार आणि वैद्याने ओळखलेला रोग या दोन वस्तू आहेत, एवढे ज्या दिवशी मुलाच्या ध्यानात येते त्या दिवशी त्याचे ग्रंथवाचन सुरू झाले, असे आम्ही समजतो.

माउलींनी तर ही जागा फारच हळुवारपणे दाखविली आहे. शके १२१२ मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी झाली, तिच्या पहिल्याच अध्यायात ते भुंग्याचा दृष्टान्त देतात. भुंगा वाळलेले लाकूड पोखरून आरपार जातो, पण संध्याकाळी मिटलेल्या कमळाच्या कोवळ्या पाकळीत अडकतो. जीव गेला तरी ती फोडीत नाही. आता 'अर्जुन भ्याला' असे लिहिणाऱ्या मुलाला आम्ही विचारतो, "काय रे, लाकूड पोखरणारा भुंगा भित्रा असतो का?" मग तो आपणच खोडतो आणि लिहितो: 'माया.' आम्ही म्हणतो, माया लिहू नकोस, तो शब्द फार मोठा आहे, त्यात काहीही मावते. तेव्हा लिहितो, 'आपल्या माणसांचा लळा.' हे बरोबर. रोगाचे नाव जितके नेमके, तितके औषध ओळखू येते.

ज्ञानेश्वरीत वैद्याचे दृष्टान्त वारंवार येतात हे मुलांना शोधून काढावयास सांगावे. फार गोड अभ्यास होतो. दुसऱ्या अध्यायात, रोग असाध्य झालेला पाहून वैद्य जसे अमृतासारखे दिव्य औषध काढतो तसे भगवंतांनी केले, असे माउली म्हणतात. आणि तिसऱ्या अध्यायाच्या तोंडीच पाहा, अर्जुन त्याच वैद्यावर उलटला आहे! एका तोंडाने ज्ञान श्रेष्ठ म्हणतोस आणि दुसऱ्या तोंडाने मला या घोर कर्मात लोटतोस. वैद्यानेच पथ्य सांगून मग आपल्या हाताने विष घातले तर रोग्याने जगावे कसे? आंधळ्याला आडवाटेस लावावे किंवा माकडाला मद्य पाजावे, तसे हे झाले, असे अर्जुन बोलतो. मूळ गीतेत दोन श्लोक आहेत. माउलींनी ती तक्रार किती वाढवून, किती जिव्हाळ्याने मांडली आहे! पूर्वपक्ष असा मांडावा. आमचे पुष्कळ तरुण कीर्तनकार पूर्वपक्ष म्हणून गवताचा बुजगावणा उभा करतात आणि एका टोल्यात पाडून टाळ्या घेतात. श्रोत्यांपैकी ज्याला खरोखर ती शंका आहे, तो मनात म्हणतो, 'माझं काही हे बोलले नाहीत.'

आता औषध जुळले की नाही हे कसे ओळखावे? आपल्याकडे म्हण आहे, दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला. संस्कृतातही एक लौकिक न्याय आहे, आंब्यांविषयी विचारले असता कांचनाच्या झाडाची माहिती सांगणे. माहिती खरी असते हो! कांचनाचे पान असे, फूल असे, सारे खरे. पण विचारले होते आंब्याविषयी. म्हणून सांगितलेला उपाय खरा आहे का, एवढेच पाहून भागत नाही; तो याच अडचणीला लागतो का, हे पाहावे लागते. सहाव्या अध्यायात याचा नमुना आहे. अर्जुन म्हणतो, मन चंचल आहे, वाऱ्याची मोट बांधावी तसे त्याला आवरणे अवघड. एखादा उपदेशक असता तर म्हणाला असता, 'छे, छे, असे म्हणू नये, प्रयत्न कर.' भगवंत आधी म्हणतात, खरे आहे, यात संशय नाही. अडचण कबूल केली! मग अभ्यास आणि वैराग्य सांगितले. आणि माउली तेथे एक मर्माची गोष्ट घालतात: या मनाची एक चांगली खोड आहे, ज्या ठिकाणी त्याला गोडी लागते तेथे ते सोकावते. म्हणजे ज्या सवयीने मन बिघडले तिलाच धरून ते सुधारावयाचे. उपाय अडचणीच्या पोटातूनच काढला. हे घर भरताना आमच्या एका विद्यार्थ्याने वहीत लिहिले होते, 'खोडकर बैलाला त्याच्याच ओढीने नांगरात घालणे.' आम्ही त्याला शाबासकी दिली.

आणि उपाय जुळतो तो रोगाशीच नव्हे, रोग्याच्या शक्तीशीही. शास्त्रात यालाच अधिकार म्हणतात. बाराव्या अध्यायात आठव्यापासून अकराव्या श्लोकापर्यंत चार पायऱ्या आहेत. मन माझ्या ठायी ठेव; ते जमत नसेल तर अभ्यासाने मला गाठण्याची इच्छा धर; तेही जमत नसेल तर माझ्याकरिता कर्मे कर; तेही होत नसेल तर कर्मांचे फळ तेवढे सोडून दे. 'जमत नसेल तर' हे शब्द देवाच्या तोंडी पुन्हा पुन्हा येतात, इकडे मुलांचे लक्ष वेधावे. जमत नाही म्हणणाऱ्याला देवाने घालवून दिले नाही, खालची पायरी पुढे केली. आम्ही एकदा चालू वाटेवर, आषाढीच्या वारीत, हा भाग सांगत होतो. शेजारी एक म्हातारी माउली डोक्यावर तुळस घेऊन चालत होती, ती म्हणाली, "मग माझी पायरी कोणती ओ महाराज?" आम्ही म्हणालो, "माउली, तुम्ही चालता आहात ना, तीच." ती हसली आणि पुढे गेली. बरोबर सांगितले की नाही हे अजून आम्हांला ठरविता आलेले नाही.

काही ठिकाणी ग्रंथात उपायच तेवढा दिसतो, अडचण लपलेली असते. तेथे मुलांना उलट चालावयास शिकवावे: हे उत्तर आहे, तर प्रश्न कोणता होता? पसायदान रोज म्हणतो, पण त्यात शंका कोठे आहे असे विचारले तर मुले चकित होतात. माउलींनी काय मागितले? दुष्ट मरोत असे मागितले नाही. दुष्टांचे वाकडेपण जावो असे मागितले. म्हणजे पहिल्या घरात 'दुष्ट माणूस' लिहावयाचे नाही, 'वाकडेपण' लिहावयाचे. रोग निराळा आणि रोगी निराळा. आणि औषध? त्यांना सत्कर्माची गोडी लागो, जिवाजिवांत मैत्री जडो. वाकडेपणाला गोडीचे औषध! येथे सहाव्या अध्यायातल्या त्या सोकावणाऱ्या मनाची आठवण होते, आणि ग्रंथाच्या दोन टोकांची गाठ पडते. पुढेही पाहा, पापाला अंधार म्हटले, तर उपायाला सूर्य म्हटले. अंधाराला कोणी काठीने मारीत नाही.

तुकोबारायांकडे वळू. त्यांनी आपला वृत्तान्त संतांच्या आग्रहावरून एका अभंगात सांगितला आहे, तो सर्वांना ठाऊक आहे. आम्ही तो मुलांना तीन दिवस पुरवितो. पहिल्या दिवशी मुले लिहून आणतात: अडचण दुष्काळ, उपाय भक्ती. आम्ही वही परत देतो. दुष्काळाने द्रव्य गेले, मान गेला, बायको अन्न अन्न करीत गेली, व्यापारात तूट आली, जिवाला लाज वाटू लागली. हे सर्व 'दुष्काळ' या एका शब्दात कोंबतोस काय? यातली लाज विशेष पाहण्यासारखी आहे. पोटाची भूक भागविता येईल, पण चारचौघांत तोंड दाखविण्याची लाज कशाने जाईल? आता उपायांची ओळ लावा. लगेच दर्शन झाले असे महाराज म्हणत नाहीत. देवाचे देऊळ पडके होते ते नीट करावे असे मनात आले. एकादशीला कीर्तन करू लागलो, पण चित्ताला सवय नव्हती. संतांची काही वचने पाठ केली. दुसरे पुढे गात, त्यांच्या मागे ध्रुपद धरले. संतांचे चरणतीर्थ घेतले, लाज मनात येऊ दिली नाही. शरीर कष्टवून जमेल तो उपकार केला. येथे मुलांनी थांबावे. जी लाज वर अडचणीत आली होती, ती येथे उपायात पुन्हा आली! मागे उभे राहून ध्रुपद धरणे, हे त्या लाजेचे औषध. त्यानंतर पुष्कळ पुढे स्वप्नातला गुरुपदेश, नामावर विश्वास, कवित्वाची स्फूर्ती. आणि सर्व सुरळीत झाले असे वाटते तोच पुन्हा आघात, वह्या बुडविल्या, धरणे धरून बसणे आले. एक उपाय झाला म्हणजे अडचणी संपल्या असे सत्पुरुषांच्या चरित्रातही होत नाही. शेवटी नारायणाने समाधान केले असे महाराज सांगतात.

हा 'समाधान' शब्द आपल्या भाषेत मोठा चमत्काराचा आहे. शंकेचे उत्तर देणे म्हणजेही समाधान, आणि मन निवणे म्हणजेही समाधान. उत्तर दिले, श्रोता निरुत्तर झाला, पण मन निवले नाही, तर आम्ही मराठी माणसे त्याला समाधान झाले असे म्हणत नाही. हा शब्द आम्ही फार उशिरा शिकलो. कसा शिकलो ते सांगणे भाग आहे, कारण ही सारी पद्धत त्यातूनच निघाली.

तेव्हा आम्ही तिशीच्या आत होतो. काशीहून परतून फार दिवस झाले नव्हते. तोंडात भाष्य ताजे होते. गंगाथडीच्या एका गावी दशक्रियेचे प्रवचन होते. विहिरीचे काम चालू असता दरड कोसळून बावीस वर्षांचा मुलगा गेला होता. नदीकाठी मंडळी बसली होती, आणि पुढेच त्या मुलाची आई. आम्ही देहाच्या नश्वरतेवर बोललो. आत्मा अमर कसा, देह वस्त्रासारखा कसा, शोक हा अज्ञानाचा परिणाम कसा. प्रमाणांवर प्रमाणे दिली. मंडळींनी माना डोलावल्या. तासाभराने ती बाई उठली, घाटाची पायरी उतरली आणि आमच्याकडे पाठ करून पाण्याजवळच्या दगडावर जाऊन बसली. आम्ही बोलतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी निघताना गावचे म्हातारे विणेकरी वेशीपर्यंत सोडावयास आले. म्हणाले, "महाराज, रागावू नका. तुम्ही बोललात त्यात खोटं काही नव्हतं. पण मरण कसं असतं ते तुम्ही सांगितलंत. तिला, उद्या सकाळी उठून मी काय करू, एवढंच पाहिजे होतं." एवढे बोलून त्यांनी पाया पडण्यासाठी वाकावयास सुरुवात केली, तेव्हा आम्हीच त्यांचे हात धरले.

हा प्रसंग सांगितला की दरवर्षी एखादा हुशार मुलगा पूर्वपक्ष घेऊन उठतो, आणि त्याने उठावे अशीच आमची इच्छा असते. तो म्हणतो, "महाराज, पण अर्जुनालाही शोकच झाला होता, आणि भगवंतांनी त्याला हेच सांगितलं. मग तुमचं चुकलं कुठं?" प्रश्न बळकट आहे. त्याचे उत्तर आम्हांला कित्येक वर्षांनी मिळाले, तेही महाभारतातच. अर्जुनाचा शोक जिवंत माणसांसाठी होता, पुढे होणाऱ्या गोष्टीसाठी होता. त्याने त्याचे हातचे काम सुटत होते. आणि 'मी तुझा शिष्य, मला शिकव' असे तो आधी म्हणाला होता. त्या माउलीने आम्हांला काही विचारले नव्हते. ज्याला खरोखर पुत्रशोक झाला आहे त्याच्याशी भगवंत कसे बोलतात हे पाहावयाचे असेल, तर द्रोणपर्व उघडावे. अभिमन्यू पडला आहे. अर्जुनाच्या विनंतीवरून श्रीकृष्ण आपल्या बहिणीकडे, सुभद्रेकडे जातात. जन्मलेल्याला काळ सोडीत नाही एवढे म्हणतात खरे, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. तुझा मुलगा शूराच्या योग्य मरणाने गेला, म्हणतात. ज्याच्यामुळे हे झाले त्या जयद्रथाला उद्या फळ मिळेल, म्हणतात. आणि मग एक काम सांगतात: सुनेला धीर दे. उत्तरा तेथेच होती, तरुण, आणि पोटुशी. ज्या बाईचे सर्वस्व गेले तिच्या हाती देवाने दुसरे रडणारे माणूस दिले. तोच वैद्य, दोन रोगी, दोन औषधे.

आणि व्यासांचा खरेपणा पाहा. एवढे ऐकूनही सुभद्रा रडावयाची थांबत नाही. पुढे तिचा विलाप आहे, तो वाचताना आजही आवाज जड होतो. द्रौपदी येते, उत्तरा येते, सगळ्या शोकाने मूर्च्छित पडतात. आणि मग प्रत्यक्ष योगेश्वर तत्त्वज्ञान न सांगता त्यांच्या तोंडावर पाणी शिंपडतात. या ठिकाणी मुलांनी चौथ्या घरात काय लिहावे? आमचा एक विद्यार्थी बराच वेळ विचार करीत बसला आणि त्याने लिहिले, 'पाणी.' आम्ही ते तसेच राहू दिले.

त्या गावी आम्ही दोन वर्षांनी पुन्हा गेलो. विणेकरीबुवांनी त्या माउलीला देवळाचे काम लावून दिले होते. पहाटे काकड्याच्या आधी सडा घालावयाचा आणि पाणी भरून ठेवावयाचे. ती ते करीत होती. आमच्या कीर्तनाला मात्र ती बसली नाही.

जाता जाता एक सांगावयाचे राहिले. औषध दिल्यावर ते लागू पडले का, हे विचारणे हासुद्धा ग्रंथाचा भाग आहे. मुले हा भाग सोडून देतात. अठराव्या अध्यायात बहात्तरावा श्लोक आहे. सातशे श्लोकांची गीता सांगून झाल्यावर भगवंत विचारतात: अर्जुना, तू हे एकाग्र होऊन ऐकलेस ना? तुझा मोह गेला ना? 'मी उत्तम सांगितले' म्हणून उठून गेले नाहीत, विचारले. आणि अर्जुनाने उत्तर दिल्यावर मगच संवाद संपला. मोह गेला, संशय फिटला, तू म्हणशील ते करीन, असे तो म्हणतो. आता हे उत्तर पहिल्या अध्यायातल्या यादीशी ताडून पाहा. आपला प्रत्येक मुद्दा सुटला असे तो म्हणत नाही. ज्याच्यामुळे मुद्दे उठले होते ते गेले, असे म्हणतो. उपक्रम आणि उपसंहार जुळले की नाही हे असे पाहावयाचे.

१९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि कीर्तन करू इच्छिणाऱ्याने आधी ग्रंथ रीतसर वाचावा अशी वाट पडली. ती वाट आजही चालू आहे. पण हल्ली मुलांच्या खिशात मोबाइल असतो, त्यात पाहिजे त्या अभंगावर पाहिजे तितकी कीर्तने ऐकावयास मिळतात. त्यांत चांगलीही पुष्कळ आहेत, आम्हीही ऐकतो. अडचण अशी होते की, तयार सिद्धान्त कानावर पडतो, तयार दृष्टान्तही मिळतो, आणि मुलगा ते जसेच्या तसे उचलून दुसऱ्या गावी नेतो. ज्या श्रोत्यांसाठी ते मूळ बुवांनी बांधले होते ते श्रोते तेथे नसतात.

गेल्या पौषात आमचा एक विद्यार्थी आला. आंधळीकोशिंबीर न करता विचार करणारा मुलगा आहे. म्हणाला, "महाराज, परवा दशक्रियेचं प्रवचन आलंय. अभंग कोणता घेऊ?" आम्ही म्हणालो, "कोण गेलं?" तो म्हणाला, "एक गृहस्थ." "वय काय? घरी मागे कोण आहे?" त्याला ठाऊक नव्हते, गावच्या मंडळींनी तारीख तेवढी कळविली होती. आम्ही म्हणालो, "मग आजच जा. उद्याचा दिवस त्यांच्या ओट्यावर बसून राहा. काही बोलू नकोस, चहा देतील तो घे." तो म्हणाला, "आणि अभंग, महाराज?" आम्ही म्हणालो, "अभंग तिथं गेल्यावर ठरव."

त्याने वहीत चार घरे आखून घेतली आणि संध्याकाळच्या एस.टी.ने गेला.